टक्के कशाचे? व्हायब्रेशन, बॅटरी आणि एक जुना समज

गेल्या दिवाळीत पुण्याहून कोल्हापूरला जाताना एसटीत भाचा शेजारी बसला होता. हातात निन्टेन्डोचा स्विच लाइट, त्याच्या काकांनी दुबईहून आणलेला. कराडच्या आसपास बॅटरी लाल झाली, तेव्हा मी सहज म्हटलं, "व्हायब्रेशन बंद कर ना, थोडा वेळ तरी टिकेल." त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "मावशी, यात व्हायब्रेशन नाहीच आहे. बॅटरी टिकावी म्हणून ते काढूनच टाकलंय. तू यातच पीएचडी करतेयस ना?"

हो, यातच करते. हातात धरायच्या उपकरणांमधून त्वचेला काय आणि कसं कळवायचं, हा माझा विषय. आमच्या क्षेत्रात याला हॅप्टिक्स म्हणतात. मराठीत स्पर्श-प्रतिसाद म्हणता येईल, पण या लेखात मी सरळ 'व्हायब्रेशन' किंवा 'थरथर' म्हणणार आहे. कारण प्रश्न तिचाच आहे.

भाच्याचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. फोनची बॅटरी वाचवायच्या दहा युक्त्यांमध्ये ते असतं, गेमिंगच्या व्हिडिओंमध्ये असतं, आणि स्विच लाइटबद्दल बोलताना तर हमखास असतं. व्हायब्रेशन बॅटरी खातं, म्हणून ते काढलं, म्हणून बॅटरी टिकते. मीसुद्धा तो सल्ला देऊन मोकळी झालेच होते. घरी पोचल्यावर कागद घेऊन बसले आणि हिशेब केला. तो हिशेब तुमच्यासमोर मांडते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: स्विच लाइटमधली थरथर गेली, त्याचं खापर बॅटरीवर फोडता येत नाही. आणि हे खापर चुकीच्या डोक्यावर फुटल्यामुळे, नेमकं काय गमावलं याची चर्चा कुणी करतच नाही.

आधी टाकी, मग नळ

बॅटरीवर मिलिअँपिअर-तास हा आकडा छापलेला असतो. तो एकटा पुरेसा नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे कळलं, तरी टाकी किती उंचीवर आहे तेही कळावं लागतं. तसं इथे व्होल्टेज. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात, आणि खरी साठवण ती.

स्विच लाइटची बॅटरी ३५७० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १३.६ वॅट-तास. २०१७ साली आलेल्या मूळ स्विचची ४३१० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १६ वॅट-तास. आता नळ किती उघडा आहे ते पाहू. निन्टेन्डोने स्वतः दिलेला आकडा असा, की 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम मूळ स्विचवर साधारण ३ तास चालतो आणि लाइटवर साधारण ४ तास. भागाकार करा: मूळ स्विच सरासरी ५.३ वॅट ओढतो, लाइट ३.४ वॅट.

हे ३.४ वॅट जातात कुठे? मुख्यतः प्रोसेसर, मेमरी आणि पडद्यामागचा प्रकाश यांत. थोडे वायफायमध्ये, थोडे आवाजात. आता यात मोटर बसवून पाहू.

मोटर कशी थरथरते

व्हायब्रेशनच्या मोटरी मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली जुनी: छोटी डीसी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन. वॉशिंग मशीनमध्ये ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की ड्रायरच्या वेळी अख्खं मशीन नाचतं ना, तेच तत्त्व. तिचा दोष असा की ती सुरू व्हायला वेळ घेते, थांबायला वेळ घेते, आणि जोर वाढवायचा तर वेगही वाढतोच. हळू पण जोरात, असं तिला जमत नाही.

दुसरी नवी: स्प्रिंगवर बसवलेलं वजन, आणि त्याला पुढे-मागे ढकलणारी तारेची गुंडाळी. हिला रेषीय अनुनादी मोटर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण ही म्हणजे झोका. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत ढकललं तर एका बोटाने मोठा झोका जातो, लय चुकवून ढकललं तर दोन्ही हातांनीही जात नाही. मूळ स्विचच्या जॉय-कॉनमध्ये या जातीची मोटर आहे. निन्टेन्डोने त्याला 'एचडी रंबल' असं नाव दिलं आणि जानेवारी २०१७ मध्ये ओळख करून देताना ग्लासात बर्फाचे खडे पडल्यासारखं जाणवेल असं सांगितलं.

आता यात एक मजेची गोष्ट आहे. आपल्या त्वचेत खोलवर पॅसिनिअन नावाचे सूक्ष्म ग्राहक असतात. ते सेकंदाला साधारण २५० कंपनांच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतात. इतके, की त्या लयीत मायक्रोमीटरहूनही लहान हालचाल बोटाला कळते. फोन आणि कन्सोलमधल्या झोका-मोटरींची लय बहुतेक वेळा दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान निवडलेली असते. याचं एक कारण उघड आहे: त्वचेला जिथे चांगलं ऐकू येतं तिथेच बोलायचं, म्हणजे ओरडावं लागत नाही. थरथरीतली काटकसर अशी यंत्राच्या रचनेतच आहे.

अशी छोटी मोटर पूर्ण जोरात चालताना एका वॅटचा पाव हिस्सा किंवा त्याहून कमी घेते. मी हिशेबासाठी हात सैल सोडते: तिला चालवणाऱ्या सर्किटमधली गळती धरून एका मोटरला ०.३ वॅट, दोन मोटरींना ०.६ वॅट.

चार मिनिटं

पण गेममध्ये मोटर सतत चालत नाही. तलवार लागली की थर्र, दार उघडलं की टक्, बाकी वेळ शांत. समजू या की खेळाच्या एकूण वेळेपैकी १० टक्के वेळ दोन्ही मोटरी पूर्ण जोरात चालतात. तासाला सहा मिनिटं पूर्ण जोर. हेही मी सैल हातानेच धरतेय.

०.६ वॅटचे १० टक्के म्हणजे सरासरी ०.०६ वॅट. ते लाइटच्या ३.४ वॅटमध्ये मिळवा. ४ तासांचे होतात सुमारे ३ तास ५६ मिनिटं.

चार मिनिटं. कराडला संपणारी बॅटरी कराडच्या अलीकडच्या थांब्याला संपली असती, इतकाच फरक.

माझा अंदाज चुकला असेल असं तुम्हाला वाटत असेल तर आकडा दुप्पट करा. आठ मिनिटं. आणि मोटर अखंड, शंभर टक्के वेळ चालवली तर? तेव्हा ४ तासांचे साधारण ३ तास २४ मिनिटं होतील. पण तोवर तुमचे तळहात बधिर झालेले असतील. हे अलंकारिक बोलणं नाही: सतत थरथर मिळाली की त्वचा तिच्याकडे दुर्लक्ष करायला लागते. जे अखंड थरथरतं ते हळूहळू जाणवेनासंच होतं.

हिशेब कागदावरचा आहे, हे मान्य. पण निन्टेन्डोने नकळत एक प्रयोगही करून ठेवलाय. २०१९ मध्ये, लाइट आला त्याच सुमारास, मूळ स्विचचीही सुधारित आवृत्ती आली. बॅटरी तीच, ४३१० मिलिअँपिअर-तास. व्हायब्रेशन तेच. बदललं काय, तर मुख्यतः चिप. तोच प्रोसेसर, पण अधिक बारीक निर्मिती-प्रक्रियेने बनवलेला, आणि सोबत कमी वीज घेणारी मेमरी. कंपनीने सांगितलेला वेळ २.५ ते ६.५ तासांवरून ४.५ ते ९ तासांवर गेला. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ३ तासांऐवजी साडेपाच तास चालू लागला.

पुन्हा वाचा. थरथर होती तशीच ठेवून वेळ अडीच तासांनी वाढला. आणि थरथर काढलेला लाइट त्याच गेमला ४ तास चालतो.

इथे एक शंका रास्त आहे: जॉय-कॉनना स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे ही तुलना अगदी शुद्ध नाही. बरोबर. म्हणून दोन्ही जॉय-कॉनची सगळी साठवणही, म्हणजे सुमारे ३.९ वॅट-तास, त्या साडेपाच तासांत संपली असं धरून बघा. तरीही सुधारित स्विचची सरासरी येते ३.६ वॅट, आणि लाइटची आहे ३.४. या ०.२ वॅटच्या फरकात लाइटचा लहान पडदाही आला, वायरलेसची गळतीही आली. थरथरीच्या वाट्याला उरतं किती?

तीच मोटर, वेगळा भाजक

मग व्हायब्रेशन बंद केल्याने बॅटरी वाचते, हे सगळं खोटंच का? नाही. इथे मला माझ्याच फजितीची गोष्ट सांगायला हवी.

पहिल्या वर्षी विभागातल्या सेमिनारमध्ये मी मोटर चालवण्याची एक पद्धत मांडली होती. नेहमीपेक्षा इतके टक्के वीज वाचते, असा छान स्तंभालेख होता. मागच्या रांगेतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "टक्के कशाचे?" मी म्हटलं, मोटरच्या विजेचे. ते म्हणाले, "आणि मोटर अख्ख्या यंत्राच्या किती टक्के?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंशावर मी चार महिने घालवले होते, भाजकाकडे बघितलंच नव्हतं.

तोच प्रश्न आता जॉय-कॉनला विचारू. कन्सोलपासून सुटा करून वायरलेस वापरला, की एका जॉय-कॉनची बॅटरी ५२५ मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम १.९ वॅट-तास. कंपनी म्हणते साधारण २० तास चालतो. म्हणजे सरासरी ओढ ०.१ वॅटच्या आसपास. यात आपली तीच ०.३ वॅटची एक मोटर, तोच १० टक्के वापर मिळवा: ०.०३ वॅट. वीस तासांचे होतात जवळपास पंधरा.

तीच मोटर, तोच वापर. स्विच लाइटमध्ये दीड-दोन टक्के, सुट्या जॉय-कॉनमध्ये पाव हिस्सा. फरक मोटरचा नाही, भाजकाचा आहे.

म्हणून प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्ससारख्या वायरलेस कंट्रोलरमध्ये व्हायब्रेशन कमी केलं तर बॅटरी खरोखर लांबते. त्यात तर दोन मोठे थरथरक आणि ट्रिगरला अडवणाऱ्या आणखी मोटरी आहेत, आणि बॅटरी १५६० मिलिअँपिअर-तासांची. घड्याळात, अंगठीत, श्रवणयंत्रासारख्या चिमुकल्या वस्तूत थरथर महागच पडणार. पण प्रोसेसर आणि पडदा सोबत घेऊन फिरणाऱ्या कन्सोलमध्ये नाही. व्हॉल्व्हचा स्टीम डेक घ्या: २०२२ च्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-तासांची, वेळ २ ते ८ तास. म्हणजे ओढ ५ ते २० वॅट. त्यात ०.०६ वॅट म्हणजे भातातलं मीठ.

समज आला कुठून

कोणताही समज उगाच तयार होत नाही. हाही एकेकाळी खरा होता.

१९९७ साली निन्टेन्डो ६४ साठी 'रंबल पॅक' आला. कन्सोल भिंतीतल्या विजेवर चालायचा, पण रंबल पॅकला स्वतःचे दोन सेल घालावे लागत, आपल्या रिमोटला लागतात तसले बारीक. १९९९ साली गेम बॉय कलरसाठी 'पोकेमॉन पिनबॉल' आला. त्याच्या कार्ट्रिजमध्येच मोटर होती, आणि त्या मोटरसाठी कार्ट्रिजमध्येच एक बारीक सेल. का? कारण गेम बॉय कलर स्वतः दोन पेन्सिल सेलवर साधारण दहा तास चालायचा. पडद्यामागे प्रकाश नाही, प्रोसेसर अगदी साधा, अख्ख्या यंत्राची भूक एका वॅटपेक्षा बरीच कमी. अशा घरात मोटर पाहुणी आली तर ती यजमानाइतकंच जेवणार. तिने स्वतःचा डबा आणला, हे शहाणपणाचंच होतं.

निन्टेन्डोला ही काटकसर मुरलेली होती. १९८९ च्या पहिल्या गेम बॉयमागे गुनपेई योकोई यांचं धोरण होतं: जुनं, स्वस्त, पचलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते कल्पकतेने वापरा. त्याच काळातल्या सेगाच्या गेम गिअरला रंगीत, प्रकाशित पडदा होता आणि तो सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवायचा. बाजारात कोण टिकलं ते तुम्हाला ठाऊक आहे. हातातल्या कन्सोलमध्ये जे जे चैनीचं ते कापा, हा धडा तिथून मिळाला, आणि तेव्हा तो योग्यच होता.

पुढे काय झालं? पडदे मोठे आणि उजळ झाले, प्रोसेसर शेकडो पटींनी वेगवान झाले, अख्ख्या यंत्राची ओढ अर्ध्या वॅटवरून पाच, दहा, वीस वॅटवर गेली. मोटर मात्र तेवढीच राहिली, उलट सुधारली. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ बघा: बॅटरी वाढून ५२२० मिलिअँपिअर-तास झाली आणि कंपनीने सांगितलेला वेळ २ ते ६.५ तास, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या पहिल्या स्विचपेक्षा किंचित कमीच. वाढलेली बॅटरी कोणी खाल्ली, हे वेगळं सांगायला नको. भाजक दहापट, वीसपट झाला. सल्ला तोच राहिला.

वीज नाही, जागा

मग लाइटमधून मोटर का गेली? कंपनीच्या बैठकीत मी नव्हते, त्यामुळे हा माझा तर्क समजा.

मोटर बॅटरी फारशी पीत नाही, पण ती जागा अडवते. समजा एका मोटरला एक घन सेंटिमीटर जागा लागते, दोघींना दोन. लिथिअम बॅटरीत आवरण वगैरे धरून एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण अर्धा वॅट-तास मावतो. म्हणजे दोन मोटरींच्या जागी एक वॅट-तास जास्त बॅटरी बसू शकली असती. १३.६ वॅट-तासांवर एक वॅट-तास, म्हणजे सुमारे सतरा मिनिटं. थरथरायला लागणाऱ्या विजेच्या चौपट.

हासुद्धा जास्तीत जास्त आकडा झाला. बॅटरी असते मधोमध चपट्या पाटीसारखी आणि मोटरी असतात दोन्ही कडांना, बटणांच्या खाली. तिथली रिकामी जागा बॅटरीला जशीच्या तशी मिळत नाही. पण वाद घालायचाच असेल तर तो जागेवरून घालावा, विजेवरून नाही.

आणि जागेहून मोठी गोष्ट म्हणजे पैसा. लाइटची अमेरिकेतली किंमत ठेवली होती १९९.९९ डॉलर, मूळ स्विच २९९.९९ डॉलरला होता. शंभर डॉलर उतरवायचे तर डॉक गेला, सुटे होणारे जॉय-कॉन गेले, इन्फ्रारेड कॅमेरा गेला, थरथर गेली. यंत्र ३९८ ग्रॅमवरून २७५ ग्रॅमवर आलं. लहान मुलांच्या हातात द्यायचं, दप्तरात टाकायचं स्वस्त यंत्र म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे, माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती 'बॅटरीसाठी केलं' या स्पष्टीकरणाला. कारण 'स्वस्तात देण्यासाठी काढलं' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग ज्यांना त्याची गरज आहे त्यांचं काय? 'बॅटरीसाठी काढलं' म्हटलं की तो प्रश्नच येत नाही. निसर्गनियमाशी कोण भांडणार?

असं पहिल्यांदा घडलेलं नाही. २००६ साली सोनीने प्लेस्टेशन ३ सोबत दिलेल्या कंट्रोलरमध्ये व्हायब्रेशन नव्हतं. तेव्हा सांगितलं गेलेलं कारण असं की थरथरीमुळे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरमध्ये गोंधळ होतो. त्याच काळात इमर्शन नावाच्या कंपनीशी सोनीचा व्हायब्रेशनच्या पेटंटवरून खटला चालू होता. २००७ मध्ये दोघांत तडजोड झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ड्युअलशॉक ३ आला: त्यात थरथरही होती आणि हालचालीचे सेन्सरही. तांत्रिक अडचण खरी होती की नव्हती, यात मी पडत नाही. पण ती सुटली, एवढं नक्की.

काय गेलं?

आता मुद्द्याचा प्रश्न. चार मिनिटं वाचली की सतरा, त्याच्या बदल्यात गेलं काय?

१९९८ चा 'ओकारिना ऑफ टाइम' आठवा. त्यात 'स्टोन ऑफ अ‍ॅगनी' नावाची एक वस्तू मिळते. जवळपास काही दडलेलं असेल तर कंट्रोलर थरथरतो. पडद्यावर खूण नाही, आवाज नाही. माहिती फक्त तळहाताला. २०११ मध्ये तोच गेम निन्टेन्डो ३डीएसवर आला. ३डीएसमध्ये मोटर नव्हती. मग त्या दगडाच्या जागी 'शार्ड ऑफ अ‍ॅगनी' आला, आणि तो किणकिणतो.

बहुतेकांना हा बदल किरकोळ वाटेल. स्पर्शाऐवजी आवाज, माहिती तर मिळाली. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ती माहिती गेममधूनच नाहीशी झाली. आणि तुम्ही-आम्हीसुद्धा हातातला कन्सोल कुठे खेळतो? एसटीत, लोकलमध्ये, रात्री घरचे झोपल्यावर. आवाज बंद करून. म्हणजे घरातल्या टीव्हीपेक्षा हातातल्या कन्सोललाच स्पर्शाची गरज जास्त, आणि इतिहास बघा: पीएसपी, व्हिटा, ३डीएस, कुठेच थरथर नाही. जिथे लागते तिथूनच ती पहिली कापली गेली.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण २०२२ च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'चं. त्यात अशी सोय आहे की पात्रांचे संवाद कंट्रोलरमधून थरथर होऊन जाणवतात. बहिऱ्या खेळाडूला शब्द सबटायटलमध्ये दिसतात, पण ते वाक्य कसं उच्चारलं, कुठे जोर दिला, कुठे थांबा घेतला, हे हाताला कळतं. थरथर ही चैन आहे असं मानणाऱ्याला ही कल्पना सुचलीच नसती.

लाइटवर थरथर हवीच असेल तर एक वाट आहे: वेगळे जॉय-कॉन विकत घ्यायचे आणि वायरलेस जोडायचे. पण ते लाइटला लावून चार्ज करता येत नाहीत, त्यांना चार्ज करायला आणखी एक वस्तू घ्यावी लागते. म्हणजे स्वस्त यंत्र घेतलेल्या माणसाला ज्या सोयीची सर्वांत जास्त गरज, तिच्यासाठीच त्याने सर्वांत जास्त खर्च करायचा. आणि गंमत अशी की त्या सुट्या जॉय-कॉनमध्येच थरथर बॅटरीला खरोखर जड जाते.

आमच्याकडचीही चूक

सगळा दोष कंपन्यांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. गेम बनवणाऱ्यांनीही थरथरीची किंमत कमी केली आहे. गाडी चालू असेपर्यंत घर्रर्र, बंदूक चालू असेपर्यंत घर्रर्र. अशा गेममध्ये दहा मिनिटांनी आपण स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करतो. वीज खरंच वाया जाते ती इथे, आणि त्याहून जास्त वाया जातं ते लक्ष. सुटी, छोटी, नेमकी टकटक कमी वीज घेते आणि जास्त कळते. या एका बाबतीत बॅटरी आणि त्वचा दोघींचं एकमत आहे.

आणि आम्ही संशोधक? आम्ही मोटर टेबलावर सुटी ठेवून तिची वीज मोजतो, कारण तसं मोजणं सोपं आहे. अख्ख्या यंत्राशी भागत नाही. सरासरी सांगतो, पण मोटर सुरू होतानाचा झटका सांगत नाही. खरं तर बॅटरी अगदी तळाला गेली असताना तो क्षणिक झटकाच त्रासदायक ठरू शकतो, कारण त्या वेळी व्होल्टेज आधीच घसरलेलं असतं. शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत थरथर आपोआप सौम्य करायची, हा साधा उपाय अख्खी मोटर काढण्यापेक्षा कितीतरी शहाणा. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आता याच गोष्टीवर आहे. सरांचा तो प्रश्न मी पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

तुमच्यासाठी

हातातल्या कन्सोलची बॅटरी वाचवायची असेल तर आधी पडद्याचा उजेड कमी करा. नेटची गरज नसेल तर एअरप्लेन मोड लावा. स्टीम डेकसारख्या यंत्रात सेकंदाला किती फ्रेम आणि प्रोसेसरला किती वॅट, याची मर्यादा घालता येते, ती घाला. वाचतात त्या वेळा मिनिटांच्या नाहीत, तासांच्या असतात. व्हायब्रेशन आवडत नसेल तर जरूर बंद करा, पण आवडत असेल तर बॅटरीच्या धाकाने बंद करू नका. सुटा वायरलेस कंट्रोलर वापरत असाल तर मात्र कमी करण्यात अर्थ आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी सांगितलं की अमुक सोय बॅटरीसाठी काढली, तर विचारा: बॅटरीच्या किती टक्के? आणि ते टक्के कशाचे?

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे चार मिनिटांसाठी मला मासा गळाला लागलेला कळत नाही?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. तो म्हणाला, "मग त्यांनी मला विचारायला पाहिजे होतं."

पूर्ण लेखात मला जे सांगायचं होतं ते एवढंच.